पंचांचा पंखा

तक्रार ऐकताना ते कधी बसत नसत. दुधात पाणी आहे असं वहिनींनी म्हटलं की ते उठायचे, लाकडी खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहायचे, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बोला. एकेकाने." दूधवाला हजर असेल तर त्यालाही बोलायला मिळे. नसेल तर निर्णय राखून ठेवला जाई. गॅसवरचं दूध तोवर उतू जाई.

परळच्या त्या चाळीत सगळे त्यांना पंच म्हणत. ते कॅरमचे पंच होते. तरुणपणी बरे खेळाडू होते, खेळाच्या जोरावर बँकेत नोकरी लागली, पुढे खेळणं सोडून त्यांनी पंचाचं काम घेतलं. का, असं मी एकदा विचारलं. "खेळाडूला अर्धाच बोर्ड दिसतो," ते म्हणाले. "ज्या बाजूला तो हरतोय, तो अर्धा."

मी तेव्हा लोअर परळला एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो आणि पंचांच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहत होतो. खाली एक मोठी खोली, तिच्या एका टोकाला ओटा आणि मोरी, दुसऱ्या टोकाला खिडकी. मधून वर जायला लोखंडी शिडी. खाली पंच, त्यांचे थोरले भाऊ दादा, आणि दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी. दादांचा मुलगा लग्नानंतर खारघरला राहायला गेला होता. पंचांनी लग्न केलं नव्हतं. "दोन माणसांच्या वादात तिसरा लागतो," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. "लग्नात त्याची सोय नाही."

वहिनींची माहिती वेगळी होती. "मुलगी बघूक गेलो होतो आम्ही, कणकवलीक. तिनं चाय आणल्यान. भावोजींनी सांगितल्यानी, कप बशीच्या मधोमध नाय. मगे कोण देतलो मुलगी?"

घरात फाउल होते. चप्पल घालून शिडी चढणं फाउल. ओली छत्री दाराच्या आत उघडून ठेवणं फाउल. जेवताना एखादी बातमी सांगायला घेऊन अर्धवट सोडणं, हाही फाउल. ते आवाज चढवत नसत. जागेवरून फक्त "फाउल" म्हणत, आणि दंड म्हणून दुसऱ्या सकाळी पाव आणायला जावं लागे. त्या घरात असताना माझी बेकरीवाल्याशी चांगली ओळख झाली.

खिडकीखाली एक उंच टेबल होतं आणि टेबलावर कॅरम बोर्ड. सकाळी आंघोळ झाली की पंच बोर्डावरचं मऊ फडकं काढत, पाणसळ ठेवून चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासत, डबीतली पावडर चिमटीने शिंपडत आणि तळहाताने ती गोल गोल पसरवत. त्यानंतर चार-दोन फटके मारत. खेळ एवढाच. बाकी वेळ बोर्ड नुसता तयार असे.

पावडरवर त्यांची श्रद्धा होती, आणि ती बोर्डापुरती नव्हती. खण अडकला, पावडर. पावसाळ्यात फुगलेलं दार लागेना, पावडर. नवी चप्पल चावली, बॅगेची चेन अडली, खिडकीची काच सरकेना, डबी हातात तयार. एकदा त्यांनी वहिनींच्या पोळपाटावरही प्रयोग केला. त्यानंतर वहिनी पोळपाट ट्रंकेत ठेवू लागल्या. "गुळगुळीत केलं की वस्तू वाद घालत नाही," असं ते म्हणत.

निर्णय मात्र त्यांनी कधी बदलला नाही. लालबागच्या एका अंतिम सामन्यात त्यांनी एका खेळाडूचा फटका अवैध ठरवला. स्ट्रायकर रेषेला टेकला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. घरी चालत येता येता त्यांच्या लक्षात आलं की टेकला होता. आपणच दुसऱ्या रेषेकडे बघत होतो. ते परत गेले नाहीत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि वर असंही, "एक निर्णय फिरवला की हरलेला प्रत्येक जण पंचाच्या दारात उभा राहतो. मग खेळ दारात होतो, बोर्डावर नाही."

तो हरलेला खेळाडू वरळी कोळीवाड्यातला होता. वर्षातून एकदा तो पिशवीभर मासळी घेऊन येई आणि दारातूनच सांगे, "पंच, काटे काढून आणलेत. तुम्हाला दिसत नसतील म्हणून." पंच मासळी स्वीकारत. टोमणा राखून ठेवत.

दादा त्यांच्या अगदी उलट. गिरणी बंद झाल्यावर दादांनी प्रभादेवीला देवळाच्या रस्त्यावर एका पेढ्याच्या दुकानात उभं राहून वर्षानुवर्षं गिऱ्हाईक बोलावलं. आवाज भरदार, गोड, दुरून ओळखू येणारा. पण चाळीत ते प्रसिद्ध होते ते कॅरमच्या समालोचनासाठी. स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या खोलीत मोजकीच माणसं मावत. बाकीची खाली चौकात सतरंजीवर बसत, आणि दादा गॅलरीत माइक ओठांना लावून त्यांना सामना सांगत. तोही कुजबुजत, कारण आत धाकट्या भावाला शांतता हवी असे. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस लाऊडस्पीकरवरून कुजबुजतोय, हे ऐकायला नायगावहून लोक येत. खेळात काय झालं हे नंतर कुणाला आठवत नसे, दादा काय म्हणाले ते आठवे.

मी राहायला गेल्यानंतरच्या वर्षी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सुटले, वाचा गेली. समोरचं सगळं कळत होतं. शब्द येत नव्हता, आला तर भलताच येई. मीठ मागायचं असेल आणि तोंडून "रविवार" निघे. रुग्णालयातल्या भाषोपचाराच्या मॅडमनी रोजचे सराव दिले होते. दादांनी ते सुरुवातीला मन लावून केले. मग एकदा शेजारी भेटायला आले असताना असाच भलता शब्द निघाला आणि कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही. पण त्या दिवसापासून दादांनी सराव थांबवले. कुणी आलं की ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपत. पुढे कुणी नसलं तरी तसेच झोपू लागले.

मॅडमनी पंचांना आणि वहिनींना बसवून स्पष्ट सांगितलं. शब्द परत येऊ शकतात, पण बोलायची इच्छाच सोडली तर येणार नाहीत, आणि जितका उशीर तितकं अवघड. त्यांचा स्वतःचा जुना आवाज कुठे असेल तर रोज थोडा थोडा ऐकवून बघा, असंही त्या म्हणाल्या.

आवाज एका जागी होता. लाऊडस्पीकरवाल्याने फार पूर्वी एका अंतिम सामन्याचं समालोचन कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. पंचांनी ती कॅसेट आणि त्याच्याकडचाच जुना टेपरेकॉर्डर मिळवला. कॅसेटची अवस्था वाईट होती. थोडी फिरवून बघितली तर फितीचा तपकिरी भुगा टेपच्या तोंडाशी जमा झाला. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "पंच, ही दोन-तीनदा वाजेल. मग कोरी समजा." म्हणजे रोज ऐकवायची तर आधी ती उतरवून घ्यायला हवी होती. मोबाईल टेपसमोर धरून क्षणभर घेऊन पाहिलं, पण त्यात समोरच्या टॉवरच्या बांधकामाचं यंत्र स्वच्छ आलं आणि दादांची कुजबुज आलीच नाही. तेव्हा वायर जोडून थेट संगणकात घ्यायचं ठरलं.

संगणक दादांच्या मुलाने मागे ठेवलेला होता. पंच त्यावर परदेशातले कॅरमचे सामने आवाज बंद करून बघत आणि तिथल्या पंचांचे निर्णय तपासत. पडदा भिंतीजवळच्या फळीवर, आणि मुख्य डबा कॅरमच्या टेबलाखाली, कुणाचा पाय लागू नये म्हणून. अलीकडे तो डबा शीळ घालायचा आणि मधेच, न सांगता, बंद पडायचा. पंचांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी आम्ही वायर जोडली. पंचांनी टेपचं बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि मग स्पीकरमधून दादांचा आवाज आला, खोल आणि हळू. "मंडळी, बोर्ड मांडला आहे. पंच आतमध्ये आहेत, म्हणून आपण जरा दबकूनच..."

खाटेवर दादा वळले. भिंतीकडचं तोंड खोलीकडे झालं. वहिनींनी मला कोपराने हळूच ढोसलं.

मग पडदा काळा झाला. डबा बंद पडला होता, आणि तोवर उतरवलेलंही गेलं होतं. पंचांनी घाईने टेप थांबवली. दादांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि परत भिंतीकडे वळले.

पंच खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले.

पुढच्या काही दिवसांत त्यांनी रीतसर चौकशी केली. प्रत्येक संशयिताला बोलायची संधी मिळाली. विजेचं बटण बदललं. डबा खिडकीतल्या उन्हापासून आत सरकवला. डब्याला हात लावला तर तो तव्यासारखा लागे, तेव्हा उष्णता हा मुद्दा मान्य झाला. त्यांनी डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि समोर टेबलफॅन लावला.

"भावोजी, तो पंखो आधी बंद करा," वहिनी ओट्यापाशी म्हणाल्या. "बोर्डावरची सगळी पावडर माझ्या आमटीत इली."

"आमटीची तक्रार वेगळी घेऊ," पंच म्हणाले.

दुसऱ्यांदा टेप लावली. या वेळी डबा पहिल्यापेक्षा लवकर बंद पडला. टेपच्या तोंडाशी आणखी भुगा जमला. पंचांनी तो कापसाने पुसला, आणि कापसाकडे बराच वेळ बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. डब्याच्या आत, प्रोसेसरच्या डोक्यावर, एक लहान पंखा असतो. शीळ तोच घालत होता. पंचांच्या लेखी जो आवाज करतो तो दोषी. त्यांनी पंख्याच्या मधोमध, जिथे तो फिरतो तिथे, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला आणि त्यावर चिमूटभर कॅरमची पावडर घातली. पंखा बोटाने गोल फिरवला. मग डबा चालू केला आणि आम्हा दोघांना, म्हणजे वहिनींना आणि मला, जवळ बोलावलं.

"ऐका," ते म्हणाले.

काहीच ऐकू येत नव्हतं.

"शीळ गेली," ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी वडे आणले. टेप लगेच लावायची नाही, आधी चाचणी घ्यायची, एवढं भान त्यांना होतं. म्हणून ते सामना बघत बसले. पहिला बोर्ड संपायच्या आत पडदा काळा झाला.

सुजाताला बोलावा, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. सुजाता नायगावच्या चाळीत राहणारी, मंडळाची सगळ्यात चांगली खेळाडू. संगणकाचं शिक्षण घेऊन लोअर परळच्या एका कंपनीत तेच काम बघायची. चौदा एप्रिलला ती खेळायला येत नसे, आणि पंच त्या दिवशी सामना लावत नसत. याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्याबद्दल दोघं भांडत. पण पंच तिला बोलवायला तयार नव्हते. कारण मागच्या सामन्यातल्या एका फाउलविरुद्ध तिचं अपील पंचांपुढे पडून होतं. अपील बाकी असलेल्या खेळाडूकडून मदत घेणं त्यांना गैर वाटत होतं.

शेवटी त्यांनी मार्ग काढला. तिला निरोप पाठवला. ती आली, दारात चप्पल काढली.

"तुझं अपील फेटाळलं," पंच म्हणाले. "आता संगणक बघ."

"एवढ्यासाठी ऑफिसातून थेट आले मी?"

"राखून ठेवलं असतं तर येता आलं नसतं."

"काकी, तुम्ही कसं काढलंत हो ह्यांच्याबरोबर?"

"मी खंय काढलंय," वहिनी म्हणाल्या. "ते उभे रवतत, मी कामाक लागतंय."

सुजाताने डबा चालू केला, लगेच एक कळ दाबली, आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दाखवलं. आकडा आमच्या डोळ्यांदेखत चढत होता. सत्तर. ब्याऐंशी. तिने बंद करून टाकलं. पंचांना हे फारच आवडलेलं दिसलं. "म्हणजे ह्याला गुणफलक आहे," ते म्हणाले.

तिने आत टॉर्च मारला. "काका, पंखा कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही. शांत आहे."

"फिरत नाहीये तो."

"आवाज करत नाही."

"फिरत नाही म्हणून करत नाही."

पंचांनी आत बोट घालून पंखा ढकलून पाहिला. तो हलला नाही.

सुजाताने चार कोपऱ्यांतल्या चार खिट्या सोडवून पंखा आणि त्याच्याखालचा धातूचा ठोकळा वर काढला. प्रोसेसरची उष्णता या ठोकळ्यात चढते, त्याच्या पातळ पात्यांमधून पसरते आणि पंखा ती उडवून लावतो, असं तिने वहिनींना समजावलं. पात्यांमधली फट कुठेही दिसत नव्हती. तिथे पांढरा, दाबून बसलेला थर होता. पंख्याच्या मध्यावर तेल आणि पावडर मळून घट्ट झाली होती.

"इथे भाकऱ्या थापता काय तुम्ही?" ती म्हणाली. तिने बोट डब्याच्या वरून फिरवलं, पांढरं बोट आम्हाला दाखवलं आणि मग वर बघितलं. डब्याच्या बरोबर वर कॅरम बोर्ड होता. रोज सकाळी पसरलेली पावडर कडेने आणि कोपऱ्यांच्या भोकांतून खाली येत होती, आणि डब्याचा पंखा ती आत ओढून घेत होता.

"मी सांगत होतंय," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही आमटीबद्दल सांगत होता," पंच म्हणाले.

सुजाताने सरळ सांगितलं. ती नवा पंखा आणि लागेल ते घेऊन येईल. पण बोर्ड इथून हलवायचा, आणि त्या टेबलावर पुन्हा पावडर नाही. "टेप आता एकदाच वाजेल, काका. तेव्हा हा डबा तापायला नको. पावडर पडत राहणार असेल तर मी हात लावत नाही."

पंच खुर्चीच्या मागे गेले. "पावडरचा प्रश्न आधी आला होता. मी तो ऐकला आहे. पावडर घातल्यावर शीळ थांबली. पावडर निर्दोष, असा निर्णय झाला आहे. बोर्ड आहे तिथेच राहील."

"निर्णय चुकलाय."

"चुकलेलाही निर्णयच असतो."

"मग बसा निर्णय घेऊन," सुजाता म्हणाली. तिने पर्स उचलली. दारात थांबून ती खाटेकडे बघून म्हणाली, "दादा, येते." दादांची पाठ हलली नाही.

पंच तिथेच उभे होते. खोलीत तक्रार करणारं आता कुणी नव्हतं, तरीही उभे होते. वहिनींनी ताटं घेतली. पंच जेवायला आले, भात कालवला, आणि जेवताना सगळा वेळ दादांच्या पाठीकडे बघत राहिले. मधे एकदा त्यांनी हाक मारली. "दादा." पाठ तशीच राहिली. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

सकाळी मी शिडी उतरलो तेव्हा पंच आंघोळ करून उभे होते. बोर्डावरचं फडकं काढलेलं नव्हतं. डबी बंद होती.

"बातमीदार, बाहेर सुजाता ऑफिसला जाताना दिसेल. तिला वर बोलव. वहिनी, इकडे या."

सुजाता आली, जेवणाच्या डब्याची पिशवी खांद्याला, कपाळाला आठी.

पंचांनी घसा साफ केला. "पावडर निर्दोष, असा निर्णय मी दिला होता. पंखा थांबला होता, तो मी शांत धरला. निर्णय मागे." ते दादांच्या खाटेकडे वळले. "दादा, तूही ऐक. मागे घेतला."

वहिनी म्हणाल्या, "मग आता चाय ठेवू की त्याचीव सुनावणी आसा?"

बोर्ड पोटमाळ्यावर गेला, माझ्या उशाशी. पंच रोज सकाळी शिडी चढून तो तयार करू लागले, आणि पुढे मी तिथे राहत होतो तोवर माझे सगळे गडद रंगाचे शर्ट किंचित पांढरे दिसत. कार्यालयात याबद्दल विचारणा झाली. ते घर सोडूनही आता बरीच वर्षं झाली. आजसुद्धा फोन केला की पंच आधी विचारतात, "उभा आहेस की बसलायस?" बसलो असेन तर तक्रार नाही असं ते समजतात, आणि मग मोकळेपणाने बोलतात.

बोर्ड हलवला त्याच आठवड्यात, शनिवारी, सुजाता नवा पंखा घेऊन आली. ठोकळा ब्रशने आणि फुंकणीने साफ झाला. बाहेर गॅलरीत, वहिनींच्या देखरेखीखाली. प्रोसेसरवरची जुनी, वाळलेली पेस्ट पुसून तिने नवीन लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.

"इतक्याशानं काय होतला?" वहिनींनी विचारलं.

"जास्त लावली तर उलट तापतो, काकी."

"बरां आसा. हय पावडरीसारखां नाय."

खिट्या दाबून ठोकळा बसवला, पंखा जोडला, डबा चालू केला. पंखा व्यवस्थित फिरत होता. हलकी घरघर येत होती, आणि पंच तिच्याकडे कान देऊन बसले होते. पण आकडा चढू लागला. साठ. अडुसष्ट. सुजाताने ओठ चावला. "हे कसं शक्य आहे? पंखा फिरतोय."

पंच जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि एक डोळा मिटून ठोकळ्याकडे आडवं बघू लागले, बोर्डाचा उतार बघावा तसं. "हा कोपरा वर आहे," ते म्हणाले. "खिडकीकडचा."

"बसवलाय मी चारही बाजूंनी."

"केसभर वर आहे."

तिने डबा बंद करून त्या कोपऱ्यावरची खिटी दाबली. टक असा आवाज झाला. ती खिटी बसलेलीच नव्हती. ठोकळा एका बाजूने उचलला गेला होता आणि प्रोसेसरला नीट टेकत नव्हता. पुन्हा चालू केल्यावर आकडा चाळिशीत आला आणि तिथेच राहिला. पंच सामन्याचे गुण वाचावेत तसे तो मोठ्याने वाचत होते. "त्रेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस."

"कळलं, काका."

"फाउल कुणाचा ते मी विचारलं नाही."

"विचारू पण नका."

तासभर त्यांनी डबा तसाच चालू ठेवला. सुजाताने मुद्दाम त्याला जड कामं दिली. आकडा थोडा वर जाई आणि परत खाली येई. मग पंचांनी टेपचं तोंड कापसाने पुसलं, कॅसेट बसवली, आणि कुणाकडेही न बघता बटण दाबलं.

"मंडळी, बोर्ड मांडला आहे..."

दादा वळले. या वेळी वहिनींनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. स्पीकरमधले दादा सांगत होते की काळी सोंगटी कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी आहे, आत जायचंय पण लाजतेय. खाली चौकातल्या माणसांचं हसू ऐकू येत होतं. पहिल्यांदा डबा बंद पडला होता ती जागा आली आणि गेली. सुजाता पडद्यावरचा आकडा बघत होती, पंच फिरणाऱ्या कॅसेटकडे बघत होते.

सामना शेवटच्या बोर्डावर आला. "आता राणी," स्पीकरमधले दादा म्हणाले, जवळजवळ श्वासाच्याच आवाजात. "राणी मधोमध. समोर पांढरी. नेम धरलाय मंडळी, आणि स्ट्रायकर सुटला..."

आणि आवाज थांबला. नुसती खरखर उरली. सुजाताने दचकून वायर चाचपली.

"टेप ठीक आहे," पंच म्हणाले. "इथे मी माइक बंद करायला लावला होता. खेळाडूने तक्रार केली होती, कुजबुज ऐकू येते म्हणून."

खरखर चालू राहिली. डबा चालू होता, कॅसेट फिरत होती. खाटेवर दादांनी मान थोडी पुढे केली. त्यांचे ओठ हलले, मिटले, परत हलले.

"गे..." ते म्हणाले. "गेली."

वहिनींच्या हातातला पेला तसाच राहिला. पंच वळले नाहीत. त्यांची नजर कॅसेटवरच होती.

"पंचांना ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

दादांचा चेहरा लाल झाला. कपाळावर शीर दिसू लागली. "मेल्या," ते म्हणाले, अगदी स्वच्छ. "गेली."

"काय गेली?"

"रा... राणी."

"कव्हर? मागोमाग पांढरी गेली?"

दादांनी तोंड उघडलं. शब्द कुठेतरी होता, आणि ते तो शोधत होते. तेवढ्यात टेपमधला माइक परत चालू झाला आणि जुने दादा सफाईने पुढचं सांगायला लागले. पंचांनी हात लांब करून स्पीकरचं बटण शून्यावर आणलं. आत पंखा फिरत होता, टेप उतरत होती. पंचांनी खाटेकडे तोंड केलं, आणि आम्ही सगळे दादांच्या उत्तराची वाट बघत राहिलो.